फाट्यावरची चौकशी

३ मार्च

नोकरी लागली म्हणून आई अख्ख्या गल्लीला सांगून राहिली. नोकरी कसली, एका संस्थेचं काम आहे. शाळांत जायचं आणि पोरांना त्यांचे गुण ओळखायला शिकवायचं. अवगुण मास्तर लोक सांगतातच, आपण गुण सांगायचे. प्रत्येक माणसात चोवीस गुण असतात, कुठला जास्त, कुठला कमी, असं संस्थेचं म्हणणं. त्याची चोवीस कार्डं आहेत. कोणीतरी पुण्यात बसून मराठी केलंय त्यांचं. 'आत्मनियमन', 'विवेकशीलता', 'सौंदर्यास्वाद'. राजनंदिनी मॅडम म्हणाल्या, ही भाषा सेनगाव तालुक्यात चालायची नाही, तुम्ही लेखिका आहात ना, मग बदला. आणि प्रत्येक कार्डाला गावातलं एक उदाहरण द्या.

लेखिका म्हणजे दोन गोष्टी छापून आल्यात. एकीत शेवटपर्यंत पूर्णविराम नव्हता. बाबांनी ती दुकानात मोठ्यानं वाचली, मधेच पाणी प्यावं लागलं त्यांना. "दर्शने, माणसाला दम तर घेऊ दे," म्हणाले.

५ मार्च

आधी स्वतःची परीक्षा घ्यायची असते. मोबाइलवर प्रश्न येतात, उत्तरं दिली की गुण नंबरानं लागतात. माझा पहिला आला प्रामाणिकपणा. मला नवल वाटलं नाही. शेवटचा, चोविसावा, आला 'प्रेम'. कंसात: जीव लावण्याची आणि लावून घेण्याची क्षमता.

भागवत दुकानात मोटर घेऊन आला होता. बाबा मोटर भरतात, म्हणजे जळालेल्या मोटरीचं वायंडिंग नव्यानं करतात. आमच्या साखऱ्यातल्या निम्म्या विहिरींच्या मोटरी आमच्या फाट्यावरच्या दुकानात येऊन गेल्यात. भागवत पलीकडच्या गल्लीतला, पहिलीपासून माझ्या वर्गात.

"काय निकाल, लेखिका?"

"पहिला प्रामाणिकपणा."

"ते तर आमी फुकट सांगितलं असतं. तोंडावर बोलून दुकान बंद पाडशील एक दिवस. शेवटचा कोणता?"

"ते सांगत न्हाई."

"हे बगा शेषराव काका, हिचा प्रामाणिकपणा!"

बाबा तार गुंडाळता गुंडाळता हसले.

९ मार्च

भागवतलाही प्रश्न सोडवायला लावले. पहिला आला 'हुरूप' (पुण्यात त्याला 'चैतन्य' म्हणतात). त्यानं स्क्रीनशॉट मागितला.

"कशाला?"

"बायोडाट्याला चिटकवतो. नोकरी काय? न्हाई. शेती किती? कोरडवाहू. पण हुरूप बगा, राज्यात पहिला."

हसलो. पण एकोणतीसचा झालाय तो, आणि शेतीवाल्या पोराला आता पोरी कोणी देत नाही. मागच्या साली पुसेगावच्या लोकांनी घर पाहिलं, चहा घेतला, आणि जाताना विचारलं, पुण्याला कंपनीत वगैरे लागायचा विचार आहे का. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो विहिरीवर बसला होता. मी जाऊन बसले बाजूला. मला ते 'सबुरी'च्या कार्डाला उदाहरण म्हणून चालेल.

१५ मार्च

शिरड शहापूरचं स्थळ आलंय भागवतला. पोरीचं नाव सृष्टी, डी.फार्मसी झालेली, वडील नाहीत, मामाकडं राहते. आणि शेती चालेल म्हणते. नर्मदाकाकूंचा, म्हणजे भागवतच्या आईचा, पाय जमिनीवर नाही. आता चौकशी येणार.

हे कार्डात कुठं बसवावं कळत नाही, म्हणून इथं लिहिते. चौकशी कधी सांगून येत नाही. पोरीकडचे दोघंतिघं कुठल्याही दिवशी गावात उतरतात, न्हाव्याकडं दाढी करतात, गिरणीवर बसतात, आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, अमक्याचं पोरगं कसं आहे. आणि अख्खं गाव, ज्याचं बांधावरून कालच भांडण झालं तोसुद्धा, एकच सांगतं: सोन्यासारखं पोरगं. कोणाची सोयरीक मोडायची नाही. बाकी सगळं माफ होतं, हे होत नाही.

काकू आज आमच्याकडंही आल्या, आईसाठी भाकरीवर ठेचा घेऊन. "भागूबाई, तुमचं दुकान फाट्यावर. उतरलं की पहिलं तुमालाच विचारतील. जरा सांभाळून घ्या."

"हे काय सांगायचं झालं?" आई म्हणाली. "आमच्या पुढ्यात वाढलंय पोरगं."

माझ्याकडं बघून काकू म्हणाल्या, "दर्शनी तर काही बोलायचीच न्हाई."

१८ मार्च

कार्डं बहुतेक झाली. एक अडलंय. मॅडमनी फोनवर विचारलं, प्रेमाचं कार्ड का पाठवलं नाही? मी म्हणाले, त्याला आमच्याकडं उदाहरण सापडेना. आईची माया वगैरे लिहू का? त्या म्हणाल्या, ते सगळेच लिहितात. मी म्हणाले, म्हणूनच लिहिलं नाही.

खरं तर मला प्रेमाबिमाच्या गोष्टी लिहायचा कंटाळा आहे. दहा पानांत कोण कोणाचं होणार ते दिसतं. त्यात प्रयोगाला जागाच नसते.

२१ मार्च

झोप नीट नाही. एक गोष्ट डोक्यात फिरून राहिली.

बी.ए.च्या शेवटच्या पेपराला भागवत मला गाडीवर हिंगोलीला सोडत होता. वाटेत त्यानं गाडी एकदम बाजूला घेतली, "दर्शने, उतर," एवढंच म्हणाला आणि पडला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. फिट. रस्त्यावरचा एकजण चप्पल घेऊन धावला नाकाला लावायला, मी त्याला ढकलून दिलं. भागवतला कुशीवर केलं आणि ओढणी डोक्याखाली घातली. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "तुझा पेपर?" दुसरं म्हणाला, "कोणाला सांगू नको. आईला पण." पेपर ऑक्टोबरला दिला. घरी सांगितलं, अवघड गेला.

नंतर एकदा आली, शेतात. हिंगोलीच्या डॉक्टरकडं मीच घेऊन गेले. गोळी रोज घ्यायची. तेव्हापासून आली नाही. घरात गोळ्या सापडू नयेत म्हणून तो गाडीच्या डिकीत ठेवतो, आणि एक स्ट्रिप माझ्या पर्समध्ये असते, अडीअडचणीला. संपायला आली की मी नवी घेते. सवय झालीय.

त्या पोरीला हे माहीत असायला पाहिजे का? पाहिजे. तिच्या जागी मी असते तर मला पाहिजे असतं. एवढंच डोक्यात आहे, दुसरं काही नाही.

२३ मार्च

आज झालं.

बाबा तांब्याची तार आणायला गेले होते, दुकानात मी होते. टमटममधून एक म्हातारे उतरले. पांढरी टोपी, हातात पिशवी. पाणी मागितलं, दिलं. नाव सटवाजी. नाव सांगायच्या आधीच ते कशाला आलेत कळलं होतं मला.

"हितलं ते भागवत म्हणून पोरगं हाय म्हनं. कसं काय हाय?"

"चांगला हाय."

"पेत-बीत न्हाई ना?"

"सुपारीबी खात न्हाई."

"शेताला जातो का नुसता गाडी फिरवतो?"

"पहाटंच जातो. त्याच्याएवढं कोणी राबत न्हाई गावात."

ते हसले. "परवा आमची माणसं येऊन गेली, न्हाव्यानं हेच सांगितलं, गिरणीवाल्यानं हेच सांगितलं. समदं गाव एकच टेप वाजवून राहिलं. बाई, तुमी शिकलेल्या दिसता. तुमी काही त्याच्या भावकीतल्या न्हाई, सोयऱ्यातल्या न्हाई. तुमाला खोटं बोलून काय भेटनार? बिनबापाचं लेकरू हाय माझ्या बहिणीचं. काही बिमारी-गिमारी?"

मी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघितलं, मग रस्त्याकडं.

सांगितलं. फिट येत होती. आता येत नाही. गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात लग्नाला काही हरकत नाही. हे सगळं सांगितलं. पण पहिल्या वाक्यानंतर त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. तांब्या खाली ठेवला आणि हात जोडले. "लई उपकार झाले, बाई." गावात पुढं गेलेच नाहीत. तिथंच उभं राहून परतीची गाडी धरली.

'धैर्य' कार्डावर मीच लिहिलंय: भीती वाटत असतानाही जे बरोबर ते करणे. बरोबर केलं. मग असं हलकं का वाटतंय? असं वाटायला नको, जड वाटायला पाहिजे.

२४ मार्च

एकच वाक्य तीन प्रकारे लिहून बघते.

एक. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं.

दोन. त्या पोरीचा हक्क होता म्हणून सांगितलं.

तीन.

तिसरं सुचलं होतं. फार स्वस्त होतं. खोडायला लिहिलंच नाही.

२७ मार्च

शिरडवरून निरोप आला: पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आठ दिवसांपूर्वीच जुळली होती. न्हाव्यानं सांगितलं, म्हातारा शेषरावच्या दुकानासमोर उतरला आणि तिथूनच परत गेला. बाकी गावानं जोडलं.

भागवत दुकानात आला. बाबा आत होते. गाडी बंदसुद्धा केली नाही त्यानं.

"तू सांगितलं?"

"व्हय."

"काहून?"

"त्यांनी विचारलं. खोटं कसं बोलू?"

"गप बसता येत होतं."

"आणि मग? लग्नानंतर कळलं असतं तिला. गोळ्या किती दिवस डिकीत लपवणार होतास?"

तेव्हा त्यानं गाडी बंद केली. मला वाटलं ओरडेल. हळू बोलला.

"येत्या शनिवारी औंढ्याला भेटनार व्हतो आमी. देवळात. तिच्या मैतरणीला घेऊन येणार व्हती ती. तवा सांगनार व्हतो म्या. सगळं. आठ दिवस झालं, कसं सांगायचं ते तोंडपाठ करून राहिलो शेतात. बैलाला सांगून बघितलं, बाई. बैलाला."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"ते खरं माझं व्हतं, दर्शने. म्या सांगितलं असतं तर न्हाई म्हनली असती, तरी म्या सांगितलेलं असतं. तू सांगितलं तर म्या चोर झालो."

"मला काय माहीत तू सांगणार होतास?"

"विचारायचं. येवढ्या वर्षांत काही विचारायचं राहिलं व्हतं का आपलं?"

तो गेल्यावर बाबा बाहेर आले. त्यांना फिटचं आज कळलं. म्हणाले, "डिकीत लपवायचा? उन्हात? गोळी खराब होती ना." दुसरं काही बोलले नाहीत.

३० मार्च, पाडवा

गुढ्या उभ्या राहिल्या गावात. आमच्या दुकानात चार दिवसांत एक मोटर आली नाही. सगळ्या पुसेगावला जाऊन राहिल्यात, ट्रॅक्टरमध्ये घालून, आमच्याच दारावरून.

आई पाण्याच्या टाकीवर गेली होती. नर्मदाकाकू सगळ्यांपुढं म्हणाल्या, "माझं पोरगं तिला गाडीवर बसवून कॉलेजला नेत व्हतं. तिनंच घात केला. त्या वस्तीला कवा आपलं म्हनू नये."

इतक्या वर्षांत त्यांनी 'त्या वस्तीला' असं कधी म्हटलं नव्हतं. आई कळशी तिथंच ठेवून आली. मग सगळं माझ्यावर.

"लोक काय म्हणून राहिलेत, ठावं हाय का तुला?"

"काय?"

"शेषरावची पोरगी जळफळली, म्हणून तिनं मोडलं, असं."

मी हसले. म्हणजे हसू आलं खरंच. आईला म्हणाले, किती फालतू गोष्ट आहे ही, बाजारात मिळणाऱ्या कादंबरीतली. तो पाटलाचा, आपण बौद्धवाड्यातले, पहिलीपासून सोबत, शेवटी तिनं त्याचं लग्न मोडलं. असलं मी वाचतसुद्धा नाही.

आई माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हसायचं काय त्याच्यात? म्या तर रडले."

४ एप्रिल

शिरड शहापूरच्या शाळेत सत्र. दुसऱ्या कोणाला पाठवा म्हणाले होते, मॅडम म्हणाल्या कोणी नाही. एका पोरीनं विचारलं, मॅडम, दोन गुण भांडले तर कोणाचं ऐकायचं? उदाहरण दे म्हणाले. ती म्हणाली, मैत्रिणीनं शपथ घातलेली असती आणि सर विचारतेत, तवा.

मी कार्डाच्या मागं लिहिलेलं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे उत्तर न्हाई, मॅडम." पोरं हसली. खाली बसली बिचारी. तिचंच बरोबर होतं.

१४ एप्रिल, जयंती

दरवर्षी मिरवणुकीत भागवत ढोलाच्या पुढं असतो. निळा फेटा बांधून, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त नाचतो. लहान असताना त्याच्या चुलत्यानं त्याला यासाठी मारलं होतं, तरी दुसऱ्या वर्षी आला. मी 'हुरूप'च्या कार्डाला हेच उदाहरण दिलं होतं, छापूनही आलं.

आज आला नाही. मिरवणूक त्याच्या गल्लीवरून गेली. दार उघडं होतं. बाबांनी ताटात त्याची खीर बाजूला काढून ठेवली होती, सवयीनं. ती मी खाल्ली.

१९ एप्रिल

अनोळखी नंबर. "ताई, मी सृष्टी बोलते, शिरडवरून. मामानं दुकानाच्या पाटीवरचा नंबर घेतला व्हता, त्यावर लावला, तिथल्या काकांनी तुमचा दिला. दोन मिनिटं बोलू का?"

मी परसात गेले, कडुनिंबाखाली.

"मामा फिट म्हणलं की घाबरलं. मी न्हाई घाबरले," ती म्हणाली. "मेडिकलवर बसते मी. रोज पाच-सहा लोक त्याच गोळ्या नेतेत, संसार करतेत. मला फक्त नीट माहिती पायजे. त्यांना विचारलं तर ते म्हनले, आता म्या सांगून काय उपयोग, तुमाला तिनं सांगितलंच हाय. म्हणून तुमालाच विचारते. किती वेळा आली?"

सांगितलं. दोनदा. कुठं, कशी, तेही सांगितलं. शेवटची येऊन किती वर्षं झाली, डॉक्टर काय म्हणाले, तेही.

"पडायच्या आधी कळतं का त्यांना?"

"कळतं. डोळ्यांपुढं पिवळं येतं म्हणतो. गाडी बाजूला घेतो, आधी मागच्याला उतरवतो. जागरण झालं तर भीती. उपास करू द्यायचा नाही. आईनं एकादशी धरायला लावली की चोरून शेंगदाणे खातो."

ती हसली. "गोळी कोणती?"

मी पर्स उघडली आणि नाव वाचलं, खाली बारीक लिहिलेलं होतं तेही.

"वाचून सांगून राहिल्या का तुमी?"

"व्हय. एक स्ट्रिप असते माझ्याजवळ."

"तुमच्याजवळ?"

"पर्समध्ये. अडीअडचणीला."

फोन कटला असं वाटलं मला. मग ती म्हणाली, "माणूस म्हणून कसे हायत?"

मी बोलले. किती बोलले माहीत नाही. गुणांची कार्डं शिकवून मला सवय झालीय, सगळं आठवून आठवून सांगितलं. पेपराचं, विहिरीचं, बैलाचं, निळ्या फेट्याचं. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. मी थांबले तेव्हा कान गरम झाला होता फोननं.

"ताई," ती म्हणाली, "एक विचारू? खरं सांगसाल?"

"मी खरंच सांगते."

तिनं विचारलं नाही. मग म्हणाली, "जाऊ द्या. राहू द्या."

काय विचारायचं होतं तिला? शेतीचं असेल. काकूंच्या स्वभावाचं असेल. मी सांगितलं असतं.

२८ एप्रिल

जमलं. पोरीनं मामाला सांगितलं म्हणे, करीन तर तिथंच. पुढच्या महिन्यात लग्न, शिरडला.

दुकानात आज दोन मोटरी आल्या. काकू घरी येत नाहीत, पण त्यांनी रस्त्यात आईला "गहू झाला का निवडून?" विचारलं. आई "व्हय" म्हणाली. दोघी तेवढ्यावर आहेत.

सगळं नीट झालं. खरं सांगूनही झालं. मॅडमना फोन करून हे प्रामाणिकपणाचं उदाहरण म्हणून सांगितलं, नावं न घेता. त्या म्हणाल्या, छान आहे, पण तुमचा आवाज असा का येतोय?

६ मे

भागवत पत्रिका घेऊन आला. बाबांच्या हातात दिली, पाया पडला. मी मोटरीच्या मागं नटबोल्ट वेगळे करत होते. तिथं आला.

"यायचं लगनाला."

"येते."

"तू तिला लई बोलली म्हनं फोनवर. ती म्हनली, येवढं मला माझ्याबद्दल ठावं न्हाई." हसला. महिन्याभरानं पहिल्यांदा. मग नटबोल्टाकडं बघत म्हणाला, "तिनं विचारलं, ही ताई तुमची कोण?"

"मग?"

"म्हनलं, शाळेतली हाय. वर्गातली."

"बराबर हाय," मी म्हणाले.

तो जरा वेळ उभा राहिला. एक बोल्ट उचलला, मळक्या रुमालानं पुसला, चुकीच्या डब्यात टाकला. गेला. मी तो काढून बरोबर डब्यात टाकला.

११ मे

संस्थेत पुन्हा परीक्षा घेतात, वर्षातून दोनदा. माझा पहिला परत प्रामाणिकपणाच. चोविसावा बदलला नाही.

सृष्टीचा मेसेज आला आत्ता. लिहिते जसाच्या तसा:

"ताई नमस्कार. ती स्ट्रिप त्यांच्याकडं देऊन टाकाल का. आता मी ठेवत जाईन. राग मानू नका."

शेवटी हात जोडलेले.

राग कसला? बरोबरच आहे तिचं. मेडिकलवाली आहे, तिच्याजवळच असायला पाहिजे. उद्या सकाळी भागवत शेतात जाताना फाट्यावरून जाईल, तेव्हा देता येईल.

मी लिहिलं: "माझ्याकडची संपली, सृष्टी. तू नवीनच घे."

तिनं अंगठा पाठवला.

संपलेली नाही. चार गोळ्या आहेत, आत्ताच बघितल्या. का लिहिलं असं, माहीत नाही. तशीही या महिन्यात स्ट्रिपची तारीख संपतेय, देऊन काय उपयोग होता. परत पर्समध्ये ठेवली, आतल्या कप्प्यात.